गॅरेजमधली खोली

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला धड पत्र लिहिलं नाही. पत्र आई लिहायची, आणि खाली उरलेल्या जागेत मी दोन ओळी खरडून खेळायला पळायचे. आज लिहितेय, कारण जे सांगायचंय ते पूर्ण ऐकून घेईल आणि मला एक शब्दही माफ करणार नाही असा माणूस तुम्हीच होतात. माझ्याकडून एक भिंत चुकली आहे.

आम्ही दुबईत व्हिलात राहतो. व्हिला म्हटलं की गावाकडच्यांचे डोळे मोठे होतात, पण हा जुना, भाड्याचा, नळ गळणारा आहे. तुम्ही इथेच अल कुसैसच्या कामगारांच्या कॅम्पात आठ जणांत एक खोली वापरलीत आणि तुमच्या मुलीच्या गाडीला मात्र स्वतंत्र खोली, घराला चिकटून, वर उघडा स्लॅब आणि पुढे पत्र्याचं शटर. तुमच्यानंतर आई गावी एकटीच होती. दोन वर्षांपूर्वी ती परसात पडली, तासभर कोणाला कळलं नाही, आणि मी हट्टच धरला की आता इकडे यायचं. ती ऐकेना. "लेकीकडे चार दिवस पाव्हणी म्हणून येईन. जावयाच्या घरात मी कायमची पाय पसरून बसू? लोक काय म्हणतील?" तुमचा जावई फोनवर सांगून थकला, "आई, तुम्ही या हो, घर तुमचंच आहे," तर ती त्याच्याशी फार गोड बोलायची आणि विषय बदलायची. शेवटी तोड मीच काढली. गॅरेजची खोली करायची. दार वेगळं, मोरी वेगळी, चहापुरती शेगडी वेगळी. म्हणजे ती जावयाच्या घरात राहणार नाही, घराशेजारी राहील. यावर आई विरघळली. मला इतका आनंद झाला होता की मी दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन भिंती मोजायला लागले.

त्या भिंतींना एप्रिलच्या दुपारी हात लावला तर चटका बसायचा. उष्णता अडवायला आतून ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, भरायचं, त्यावर जिप्समचे बोर्ड मारायचे आणि एसी बसवायचा, असं ठरलं. मी ऑफिसातली बाई, मला कुठलंही काम आधी वाचून करायची खोड. इंटरनेटवर एका माणसाचं लिखाण सापडलं. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातला होता तो. घराला चिकटलेलं गॅरेज कसं ऊबदार करायचं ते त्याने फोटो काढून पायरीपायरीने दाखवलं होतं. ओल अडवणारी प्लास्टिकची शीट नेहमी गरम बाजूला, म्हणजे खोलीच्या बाजूला लावा, असं ठळक अक्षरांत होतं. मी त्याची प्रिंट काढली आणि अधोरेखित केली.

माल रास अल खोरहून आला, आणि मालाबरोबर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. पंचावन्नच्या आसपासचा, मंडणगडकडचा, एकटाच राहणारा. तोंडाला रुमाल बांधलेला आणि बाह्यांवर ग्लासवूलचे चमकणारे कण. मराठी ऐकून खुलला. माझं गाव विचारलं, आई येणार म्हटल्यावर "बरं केलंत ताई" म्हणाला. मग शीटची गुंडाळी उचलून म्हणाला, "ही मागं जाणार ना? आधी भिंतीला शीट, मग वूल."

मी गुंडाळी त्याच्या हातातून घेतली. "नाही, वूल आधी. शीट आतून, खोलीकडून."

"ताई, तसं थंड मुलखात करतात. इकडं गरमी बाहेर हाय. समरमधी ह्युमिडिटी बाहेरून घुसणार आणि एसीनं गार पडलेल्या प्लास्टिकला मागनं पाणी सुटणार. दिसायचं पण नाय."

बाबा, तो हे बोलत होता आणि मला कुसैसचं ते सामायिक किचन आठवत होतं. मी तेरा वर्षांची, आई आणि मी महिन्याभरासाठी तुमच्याकडे आलेलो, तुमच्या ओळखीच्या कुटुंबाने एक खोली दिलेली. तुम्ही कोल्ड स्टोरेजच्या कामावरून येता, फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून ओट्यावर ठेवता आणि मला हाक मारता. "बघ, घाम कुठं आला?" मी नुकताच विज्ञानात पहिला नंबर काढलेला. मी घडाघडा व्याख्या म्हणून दाखवते. तुम्ही शांतपणे विचारता, "मग गार खोलीच्या भिंतीत प्लास्टिक कुठल्या अंगाला घालशील?" मी म्हणते, आतल्या. तुम्ही बाटली उचलून दाणकन ठेवता. "चूक! बाहेरच्या अंगाला. दमट हवेला बाहेरच अडवायचं. आतून घातलंस तर ती भिंतीत शिरून बसते आणि सगळं कुजवते. पुस्तकात पहिली आलीस म्हणून समोरच्याला विचारायचं सोडू नकोस." मी रडले होते. आई तुमच्यावर चिडली, पोरीला सुट्टीतही शिकवायचं का म्हणून, आणि तुम्ही ओशाळून मला मनगटातलं घड्याळ काढून दिलंत. ते मला फार सैल होत होतं.

तर मला आठवत नव्हतं असं नाही. मी स्वतःला सांगत आले की मला माहीत नव्हतं, आणि ते खोटं आहे. पण माझा नवरा तिथेच उभा होता. लग्न ठरताना मी त्याच्या घरी सांगितलं होतं की बाबा कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होते. तुम्ही भिंतींना फोम चिकटवायचात हे मी त्याला बारा वर्षांत सांगितलं नाही. आणि हा माणूस तुमच्यासारखाच खोकत होता, तुमच्यासारखाच वाक्याच्या शेवटी मान हलवत होता. त्याने हसून विचारलं, "तुमच्यातलं कोण होतं का ताई, या लायनीत? तुम्ही रोल कसा हातात धरलात त्यावरून वाटलं."

"नाही," मी म्हटलं. आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून प्रिंट त्याच्या हातात दिली. "मी सगळं वाचलंय. यात आहे तसंच करा. यल्ला, चला लवकर, आठवडाभरात संपवायचंय."

त्याने इंग्रजी कागद उलटसुलट केला, घडी घातली आणि परत दिला. "ओके मॅडम," म्हणाला. त्यानंतर काम संपेपर्यंत त्याने मला ताई म्हटलं नाही.

खोली सुंदर झाली. आई मेमध्ये आली, कॉटवर बसून तिने चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि पदराने डोळे पुसले. गावी फोन करून प्रत्येकाला सांगायची, माझ्या मुलीने माझ्यासाठी घर बांधलं. तिला एसीची सवय नव्हती, ती बंद करायला बघायची, आणि मी रागवायचे. वीसवर ठेव, दिवसरात्र ठेव, उकाड्यात कशाला राहतेस? भर जुलैत आई शाल पांघरून टीव्ही बघायची. मी किती चांगली मुलगी आहे हे मला तिच्या त्या शालीत दिसायचं.

सप्टेंबरात ती खोकायला लागली. डॉक्टर म्हणाले धूळ आहे, ॲलर्जी आहे. माझा मुलगा एकदा दारातच थांबला. "आजी, युवर रूम स्मेल्स फनी." मी त्याला दटावलं आणि खोलीत बखूर, इकडचा सुगंधी धूप, जाळला. आई हसत म्हणाली, "पोर खोटं नाही बोलत गो. पावसाळ्यात लाकडांच्या खोपीत येतो तसला वास येतो." मी दुसऱ्या दिवशी आणखी बखूर जाळला. जानेवारीत तिला थंडी वाजायला लागली तेव्हा मी तेलाचा हीटर आणून तिच्या उशाशी ठेवला. चार दिवसांत तो वास इतका वाढला की नवरासुद्धा आत यायचं टाळू लागला. पाचव्या दिवशी सकाळी आईचे ओठ निळे पडले होते.

हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, घरात ओल आहे का, बुरशी आहे का? मी ठामपणे नाही म्हटलं. घरी आले आणि तिच्या कॉटमागचा एक बोर्ड उचकटला. प्लास्टिकच्या मागून पाणी ओघळत होतं. ग्लासवूल काळं पडून, भिजून खाली बसलं होतं, आणि आई जिथे डोकं ठेवायची तिथे बोर्डाची मागची बाजू बुरशीने केसाळ झाली होती. मी परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, पण तोवर फुप्फुसं आखडली होती. ती सुटणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. सगळं काढून न्यायला कॉन्ट्रॅक्टरने त्याच माणसाला पाठवलं. त्याने पहिला बोर्ड काढला, आत बघितलं आणि माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवं होतं त्याने. त्याने एवढंच विचारलं, "आई कुठं हायत?" मी हॉस्पिटल म्हटल्यावर तो भिजलेलं वूल पिशव्यांत भरायला लागला. तुम्ही असतात तर माझ्या कानाखाली वाजवली असतीत. मला ते हवं होतं, बाबा.

आई आता गावी मावशीजवळ आहे. नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन. लाइट गेली की मावशी सिलिंडर लावते, आणि मला फोन करते तेव्हा मागे आईचा श्वास ऐकू येतो. भेटायला येणाऱ्यांना आई सांगते, "दुबईची हवा बाधली. ह्यांनाही तीच बाधली होती." लोक हळहळतात. मी फोनवर असते, मी ऐकते, आणि मी मध्ये बोलत नाही. शीटवरची ती बोलाचाल नवरा विसरलाय, त्याला वाटतं कॉन्ट्रॅक्टरने काम बिघडवलं. तेही मी तसंच राहू दिलंय.

काल ती धापा टाकत म्हणाली, "दिवाळीनंतर जरा बरं वाटलं की येते. माझी खोली मोडू नको हां." मी म्हटलं, "नाही मोडत, आई." तिथे मार्चपासून गाडी उभी असते. हे पत्र मी तुम्हाला लिहितेय, कारण तिला लिहायची माझी हिंमत नाही.