आईच्या पायाचं माप

५ जानेवारी, सोमवार
सुट्टी. सकाळी आईकडे, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत. तिच्या दोन्ही पायांचे आराखडे कागदावर काढून घेतले. डावा २२८ मिमी. उजवा २२१, त्याची दोन बोटं आखूड झाली आहेत. बारा महिने गोळ्या घेऊन तिचा कुष्ठरोग बरा झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याच वर्षी ती इथे आली, एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या नसा मात्र परत येत नाहीत. तळव्यांना काहीच कळत नाही.
ती माझी खोली बघायला यायला कबूल झाली आहे. ‘एकदा बघून जाईन. ऱ्हायाचं काय काढू नगंस.’
तेव्हा पायात दवाखान्याने दिलेल्या काळ्या चपला नकोत, मी नव्या करून घेईन. मऊ रबर, रुंद पट्टे. ज्यांना माहीत आहे ते लांबून ओळखतात. मी राहते त्या कसबा बावड्यात तर कुणीही ओळखेल.
खरं लिहायचं तर, हे ती म्हणाली नाही. मी म्हणाले.

९ जानेवारी, शुक्र.
कंपनीतली पाळी संपल्यावर शिरोलीहून थेट चांभाराकडे. तळ तोच, मऊ रबराचा. वर तपकिरी चामडं, पट्टे अरुंद. ड्रॉइंग बघून तो म्हणाला, ‘ताई, चप्पल करायची हाय का मशीन?’
आत्याचा फोन, मंगळवार पेठेतून. पप्पा गेल्यावर तिनेच वाढवलं, त्याआधीही तिनेच. आई खोलीवर येणार हे सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘इतकी वर्सं झाकलं ते कुणासाठी गं? तुझ्यासाठीच की.’
शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाआधी ‘कै.’ आत्यानेच लिहिलं होतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी कळलं, आई जिवंत आहे. लांबही नाही, बसने पाऊण तासावर.

१२ जानेवारी, सोमवार
आई आली.
आधी वसाहतीच्या अंगणात चपला घालून दोन फेऱ्या. शेजारच्या गंगामावशी ओट्यावरून ओरडल्या, ‘आता काय बाबा, सरपंचीणबाई! आमास्नी वळख देणार का न्हाय?’ आई पदर तोंडाला लावून हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.
मी विचारलं, ‘टोचतंय का कुठं?’
‘न्हाय. काय सुदिक न्हाय.’
बरं वाटलं. मग रिक्षा.
खाली वैशालीताई (घरमालकीण) दूध मोजत होत्या. ‘कोण पावणं?’ म्हणाले, आई. त्या बघतच राहिल्या. मी आईविषयी कधी बोललेच नव्हते. ‘आगं, मग इतके दिस का न्हाय आणलीस?’ त्यांची नजर आईच्या आत वळलेल्या बोटांवर गेली. ‘शुगर आहे तिला,’ मी म्हणाले. न विचारताच. आईने हात पदराखाली घेतले.
चार तास होती. खाटेच्या कडेवर बसून. चहा तिने स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून घेतला, पिशवीतून आणला होता. माझा कप पुढे केला तर म्हणाली, ‘सवय हाय.’ पेला स्वतः विसळून पिशवीत ठेवला.
मी भाजी चिरत होते आणि मागे कुणीतरी आहे, एवढंच. घरात दुसऱ्या माणसाच्या बांगड्यांचा आवाज.
ती गेल्यावर चादरीच्या कडेला चुण्या राहिल्या. अजून सरळ केलेल्या नाहीत.

१४ जानेवारी, बुध.
संक्रांत. कंपनीत तिळगूळ. राजाराम साखर कारखान्याच्या मळीचा वास खोलीपर्यंत येतो आहे.
आईला फोन. ‘चपला घालतेस ना?’ ‘दिसभर घालते की. लेकीनं केल्यात म्हणून सगळ्यास्नी दावलं.’
चादर बदलली.

१९ जानेवारी, सोमवार
आईच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली, जखम. ११ बाय ८ मिमी. खोली मोजली नाही. पट्ट्याची कड जिथे येते, बरोबर तिथे.
तिला माहीतच नव्हतं. मोजा ओला दिसला म्हणून मी काढला. किती दिवस?
‘टोचतंय का’ असं मी ज्या पायाला काहीच टोचत नाही त्याला विचारलं. आणि त्याने दिलेलं उत्तर खरं धरलं. कंपनीत सुट्या भागांची मापं तपासताना मी बंद पडलेल्या गेजचं रीडिंग घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.
वसाहतीच्या दवाखान्यात पट्टी करणाऱ्या सिस्टर रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. ‘यांना विचारायचं नसतं हो. चप्पल काढायची, डोळ्यांनी बघायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने, मग रोज.’ नव्या चपला बंद. निदान सहा आठवडे पायावर भार नको. ‘पाणी भरायला, जेवण करायला कोणी आहे का?’
मी म्हणाले, मी नेते.
आई भिंतीकडे बघत होती.
बाहेर आल्यावर म्हणाली, ‘तुजी चूक न्हाय. मलाबी मिरवायचं हुतं.’

२० जानेवारी, मंगळ.
अर्धी रजा घेऊन परत वसाहतीत. सगळं ठरवून गेले होते: खाट खिडकीपाशी, दिवसा पट्टी करायला एक बाई, कमोडची खुर्ची. आईने सगळं ऐकून घेतलं.
‘आणि खालच्या बाईला काय सांगणार?’
‘शुगर सांगितलीच आहे.’
‘मग मी येत न्हाय.’
का, म्हणून विचारलं. आवाज न चढवता बोलली, तशीच बोलते ती. ‘तुमच्या कागदावर एकदा मेलेली हाय मी. कुणी विचारलं न्हाय मला. आता परत दुसरीच कोणतरी हून येऊ व्हय तुज्या घरात? गंगी बघंल माज्याकडं सहा आठवडं. तू जा.’
मी पिशवी उचलून निघाले. रिक्षात बसल्यावर वाटलं, परत जावं. गेले नाही.

२२ जानेवारी, गुरु.
वसाहतीतून फोन आला नाही. मी केला नाही.
सकाळी दोन कप काढले. एक परत ठेवला. मी सात वर्षांची असताना आई मला उठवायची कशी, हे आठवत नाही. हाक मारून, की हलवून? विचारता येईल असं एकच माणूस आहे.

२३ जानेवारी, शुक्र.
संध्याकाळी वैशालीताईंना सांगितलं. गोठ्यात धार काढत होत्या. मी उभ्याउभ्याच: आईला शुगर नाही, कुष्ठरोग होता. औषध पूर्ण झालंय, पसरत नाही, बरी झाल्याचं कार्ड आहे. पायाची जखम माझ्यामुळे. सहा आठवडे इथे आणायची आहे. जमलं तर कायमची.
धारेचा आवाज थांबला. म्हैस मागे वळून बघायला लागली.
‘मग त्या दिवशी शुगर का म्हणालीस?’
मी पायापाशी आलेली बादली बाजूला सरकवली.
‘मला अडाणी समजलीस व्हय?’ म्हणाल्या. ‘बारावी झालीया माजी. पसरत न्हाय म्हणून भिंतीवर लिवल्यालं वाचता येतं मला. पण सकाळी दुधाला गल्ली येती माज्या दारात. तेनी काय वाचत्यात?’
‘मी सांगेन त्यांना.’
‘तू? तू बोलतीस तरी का कुणाशी? दोन वर्सं झाली, आज पयल्यांदा एवढी वाक्यं ऐकली तुजी.’
मग परत धार काढायला बसल्या. मालकांना विचारून सांगते म्हणाल्या. मालक ऊसतोडीच्या मागे शेतावर आहेत.

२५ जानेवारी, रवि.
उत्तर नाही. रोज दूध आणायला मी खाली जाते. आज पातेलं माझ्या दारात ठेवलेलं होतं, झाकून. मला खाली यावं लागू नये म्हणून की मी खाली येऊ नये म्हणून? एका निरीक्षणावरून निष्कर्ष नको.
आत्याला फोन केला. वैशालीताईंना खरं सांगितलं म्हणाले. ‘मग आता माजं तोंड कुठं लपवू?’ फोन ठेवेल असं वाटलं. ठेवला नाही. म्हणाली, ‘वैनीला वाकळ लागती. ब्लँकेट चालत न्हाय तिला, अंगाला गरम हुतं म्हणायची.’ माझ्याकडे नाही, म्हणाले. ‘बघते,’ एवढंच.
आत्याला हे एकोणीस वर्षं लक्षात होतं.

२६ जानेवारी, सोमवार
आईकडे. जखम आज १० बाय ७. सिस्टरना बरी वाटली.
आईला म्हणाले, खरं सांगून टाकलं.
‘समदं?’
‘सगळं. नाव घेऊन.’
‘काय म्हणाल्या मग?’
‘अजून काही नाही.’
ती मान डोलवत राहिली. गंगामावशी भाकरीचं ताट घेऊन आल्या, मला म्हणाल्या, ‘तुज्या आईला हिथनं नेलीस तर माज्याशी भांडायला कोण राहील गं?’ आई म्हणाली, ‘तू गप.’ जेवलो तिघी. निघताना चप्पल घालत होते तर आईने मागून विचारलं,
‘त्या खिडकीत ऊन सकाळचं येतं का दुपारचं?’
‘सकाळचं.’
‘मग खाटेचं उसं भिंतीकडं कर. डोळ्यावर येतं.’
मी हो म्हणाले. उत्तर अजून आलेलं नाही, हे तिलाही माहीत होतं.
साडेपाचला बावड्यात पोचले. मालकांची गाडी दारात. दोघेही ओट्यावर. मला बघून मालक आत गेले. वैशालीताई उठल्या. ‘वर जाऊ नगंस. थांब जरा, आले.’ आणि त्याही आत.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले आहे. वही पिशवीतच होती. आत दोघे बोलतात, शब्द कळत नाहीत. आता वैशालीताईंचा आवाज चढला आहे, त्यांचा एकटीचाच. कुणाच्या बाजूने, ते इथून कळत नाही.