तुमचा गॅस, माझं आभाळ

प्रिय बाबा,

वेधशाळेच्या गच्चीवरून लिहितेय. दुपार कलतेय, पण उजेड इतका स्वच्छ आहे की कागदाकडे बघतानाही डोळे बारीक करावे लागतात. सध्या आमच्याकडे पाहुणे आहेत. देशोदेशींची ओझोन मोजायची यंत्रं आलीयत, लांबट लोखंडी पेट्याच त्या, आणि सगळ्या एका रांगेत सूर्याकडे तोंड करून मांडल्यात. सगळ्यांनी एकाच वेळी तोच सूर्य बघायचा, सुई शून्यावर येईपर्यंत चकती फिरवायची आणि मग कुणाचं माप किती सरकलंय ते ताडून पाहायचं. एकट्या पेटीला आपली चूक कधी कळत नाही. तरी आपला तो बाब्या या न्यायाने प्रत्येक जण आपल्याच पेटीची बाजू घेतो. पलीकडचा दाढीवाला तर पेटीवर छत्री धरून स्वतः उन्हात भाजत उभा आहे. एकमेकांची भाषा धड कळत नाही, पण ढग आला की सगळे एकदम हळहळतात.

चकती फिरवताना माझं मन मात्र वर तरंगत राहतं. तिथला ओझोन दिसत नाही. सगळा गोळा करून जमिनीवर अंथरला तर एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढाच जाड होईल, आणि कातडी जाळणाऱ्या सूर्यकिरणांपासून तेवढ्याच्याच आडोशाला आपण सगळे नांदतोय. त्याच्या आसपास कुठेतरी तुमच्या दुकानातला गॅसही अजून फिरत असेल. शाळा सुटली की मी तुमच्याकडे येऊन बसायची. फ्रिजची नळी साफ करायला तुम्ही जरासा गॅस सोडायचात आणि मी तळहात पुढे करायची. काय गार लागायचं. हा जळत नाही, याला वास नाही, लेकराबाळांना याचा अपाय नाही, असं तुम्ही कौतुकाने सांगायचात. तेव्हा सगळं जग तेच म्हणत होतं.

मग गेल्या सुट्टीत माझ्या छकुलीने शाळेत शिकलेलं तुम्हाला विचारलं, की आजोबा, आभाळाला भोक तुमच्या गॅसने पडलं का. तुम्ही नेहमीसारखी तिची फिरकी घेतली नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यानंतर तुम्ही दुकान बंद केलंत, हत्यारं वाटून टाकलीत, तिच्याशी फोनवर बोलेनासे झालात. तिला वाटतं आजोबा रुसलेत. मी किती समजावू?

बाबा, तिला अर्धंच शिकवलंय. देशांनी एकत्र येऊन हा गॅस बंद करायचा करार केला खरा, पण करार काही स्वतः फ्रिज उघडत नाही. जुना गॅस हवेत न सोडता टाकीत ओढून घ्यायचा, हे गल्लीबोळातल्या हातांनाच शिकावं लागलं. साठीला टेकलेले तुम्ही त्या वर्गाला गेलात, पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसलात. गिऱ्हाइकं म्हणायची, कशाला वेळ घालवता, द्या सोडून. तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. आज आमच्या मोजमापांत ओझोन भरून येताना दिसतोय. अगदी गोगलगायीच्या चालीने, पुरता भरेपर्यंत मी म्हातारी होईन, पण दिसतोय. परवा तो आलेख बघताना मला तुमचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या परदेशी बाईला मी खुणांनी सांगायला लागले, माझे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. ती बिचारी मान डोलावत राहिली.

हे सगळं आज लिहितेय, कारण काल दादाचा फोन आला. तुमच्या मानेवरचा डाग वाढलाय, डॉक्टर म्हणतात उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर आहे, पण आता काढला तर पूर्ण बरे व्हाल, आणि तुम्ही म्हणता राहू दे, मी केलं ते मीच भोगतो. ते ऐकून मी जिन्यात बसून रडले. आभाळ असा सूड घेत नाही, बाबा. आयुष्यभर मी तेच बघत आलेय, एवढं तरी माझं ऐका. ही शिक्षा नाही, नुसता आजार आहे, आणि मला तुम्ही हवे आहात. रविवारी मी छकुलीला घेऊन येतेय. सोमवारी आपण तिघं मिळून दवाखान्यात जाऊ. तरीही नाही म्हणायचं असेल, तर मला नका सांगू. तिच्याकडे बघून म्हणा.

तुमचीच,
ठिणगी