एक जूनची मुलगी

दोहा,
२ मे १९६५

प्रिय दिलावर,

सलाम. तुझं पत्र गुरुवारी पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच हसू आलं. मुख्याध्यापक झालास तरी तुझा 'स' अजून लंगडतोच आहे. मग आतलं वाचलं आणि हसू विरलं. तू लिहितोस, रजिस्टर माझ्याच कपाटात आहे, किल्ली माझ्याच कमरेला आहे, ब्लेडनं जरा खरवडलं की एकोणपन्नासचा अठ्ठेचाळीस होतो, पोरीचं काम होऊन जाईल, तू फक्त गप्प बस. दिलावर, माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

मार्चमध्ये रुकैयाला मॅट्रिकच्या परीक्षेला बसवायला तिकडे आलो, तेव्हा घाईत तुला नीट काही सांगता आलं नाही. मुंबईचं ते कॉलेज मुलींना मॅट्रिकनंतर थेट घेतं. दोन वर्षं सायन्स आणि मग त्याच छपराखाली डॉक्टरी. मधे पुन्हा कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायला नको. पण आत शिरतानाच एक लेखी परीक्षा, वर मुलाखत. गेली दोन वर्षं मी माझ्या नातीला त्यासाठी तयार करतो आहे. मी, ज्यानं जन्मभर पोरांकडून कविता घोकून घेतल्या, तो आता बेडकाचं काळीज आणि माशाचे कल्ले शिकवतो! इथे बेडूक मिळत नाही. अल वक्र्याहून मासे घेऊन एक म्हातारा येतो, त्याच्याकडून हामूरचं डोकं मागून घेतो, रुकैया ते पाटावर ठेवून कापते आणि वहीत आकृती काढते. सूनबाई मैमुना दारात उभी राहून म्हणते, हे कालवणाचं चाललंय की कॉलेजचं, तेवढं सांगा, मी पातेलं ठेवते. शमाल वारा सुटला की आकृतीवर वाळू बसते आणि आम्ही ती फुंकून पुन्हा रेघ ओढतो.

हाडांची नावं तिला पाठ होईनात. मग मी माझी जुनी विद्या काढली. सगळी हाडं भुजंगप्रयातात बसवली. 'कण्याची मणी-माळ तेहेतिसांची' ही माझी ओळ, ऐकून ठेव, वृत्तात कुठे बोट घालायला जागा नाही. रुकैया हसली नाही. नमाजच्या जागेवरची माझी तसबीह उचलून तिनं मणी मोजले. तेहतीस! तेव्हापासून ती तसबीह हातात घेऊन मानेपासून खाली उतरते, एकेका मण्याला एकेक मणका. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तर, चाल चुकते आहे. असू दे. पोर चुकत नाही.

मुलगा नसरुद्दीन दुखानच्या तेलकंपनीत स्टोअरमध्ये आहे, जुम्याला घरी येतो. तुला माहीत आहे तो, भांडत नाही, नुसता पानाकडे बघत जेवतो. त्यानं मला एकच सांगितलं आहे. बा, यंदा नंबर लागला तर जाऊ दे तिला. नाही लागला तर खलास, हिवाळ्यात निकाह. मुलगा बहारीनला आहे, घर चांगलं आहे, मी शब्द दिलेला आहे. त्याचंही चुकत नाही. इथे चार आपली घरं आणि त्या चारांच्या चाळीस जिभा. परवा जुम्याची नमाज झाल्यावर आपल्या रत्नागिरीकडचे चारजण बसले होते, त्यातला एक म्हणाला, मास्तर, पोरीला डॉक्टर करताय, मग तिला नवरा काय कंपाउंडर शोधणार? मी म्हटलं, शोधीन की, फक्त पुड्या नीट बांधणारा हवा, तुझ्यासारखा गाठ मारता न येणारा नको. सगळे हसले, तोसुद्धा. पण घरी येताना तोच प्रश्न सोबत आला.

मुलाखतीचा सरावही मीच घेतो. शाळेतला तो काळा कोट घालून खुर्चीवर बसतो, रुकैया बाहेरून सलाम करून आत येते. एकदा विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? तिनं सेवा, समाज, मानवता असं पाठ केलेलं सांगितलं. मी म्हटलं, हे दारावरचा चपराशीही सांगेल, तुझं सांग. तिनं तसबीह मुठीत धरली. मग म्हणाली, दादा, घरात जैतून फुफीचं नाव घेतात आणि बोलणं तिथेच थांबतं. ती कशानं गेली ते कुणी सांगत नाही. जिथे हे विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं, अशा जागी मला जायचंय. दिलावर, मी कोट काढून ठेवला. उत्तर बरं आहे, एवढंच म्हणालो आणि पाणी मागितलं. माझ्या लेकीचं नाव इतक्या वर्षांत कुणी इतकं सरळ घेतलं नव्हतं.

आणि मग कॉलेजचा अर्ज परत आला. लाल पेन्सिलीनं एकच ओळ: या सालअखेर सतरा पूर्ण होत नाहीत. मी शाळा सोडल्याचा दाखला उलगडला. मार्चमध्ये तू दिलास तेव्हा न वाचताच घडी घालून खिशात टाकला होता. रजिस्टरात माझंच अक्षर, त्यात काय वाचायचं? जन्मतारीख १ जून १९४९. आपल्या शाळेतल्या निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा! आईबापांना तारीख ठाऊक नसायची, आपण जून महिन्यात नाव घालायचो, मग सोयीची तारीख लिहून टाकायची. खात्यानं ओरडावं आणि आपण लिहावं. कुणाचं वय नोकरीसाठी घटवलं, कुणाचं शाळेत बसवण्यासाठी वाढवलं. त्यात आपल्याला कधी खोटं वाटलंच नाही, परोपकार वाटला.

पण रुकैयाची तारीख मला माहीत होती. ९ ऑगस्ट १९४८, सोमवार. तरीही मी एक जून आणि पुढचं साल लिहिलं, आणि ते सवयीनं नव्हे. मी मुद्दाम तिला कागदावर लहान केलं. वाटलं, कुणी लग्नाची घाई केली तर दाखला पुढे करून वर्षभर अडवता येईल. एक वर्ष तिच्यासाठी चोरून ठेवलं होतं मी. त्याच वर्षानं आता दाराला कडी घातली आहे. यंदा नाही तर पुढच्या साली, असं कॉलेज म्हणतं. पुढच्या साली ती बहारीनला कुणाच्या तरी चुलीपुढे असेल.

म्हणून तू ब्लेड काढलंस. तुझी माया मला कळते. पण खरवडलेला आकडा घेऊन ती पोर माणसांची नाडी धरायला जाणार? उद्या कुणी कागद उजेडापुढे धरला, तर माझ्या लबाडीपायी तिचं नाव कापलं जाईल. आणि आपल्याकडे पुरावा आहे, गड्या! आठव तो सोमवार. दिपोटीसाहेब तपासणीला आले होते, मी पाचवीला कविता शिकवत होतो, आणि घरून निरोप आला, नात झाली. मी पुस्तक उघडंच टाकून पळालो. उरलेली दोन कडवी तू शिकवलीस, चाल बिघडवून. दिपोटीनं माझ्या टाचणवहीत लाल शाईनं शेरा मारला: शिक्षक नात जन्मल्याचे सांगून तास अर्धवट सोडून गेले. खाली तारीख, सही, शिक्का. सतरा वर्षं तो शेरा मला कुसळासारखा खुपत होता. आता सरकारनंच लाल शाईत लिहून दिलं आहे की माझी रुकैया कधी जन्मली. त्या वह्या वरच्या फळीवर, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे असतील. वाळवीनं खाल्ल्या नसतील, इन्शाल्ला.

आता खरं ते लिहितो, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. पंधरा मेच्या आगबोटीनं मी आणि रुकैया निघतो आहोत. तालुक्याला मॅजिस्ट्रेटपुढे मी शपथेवर लिहून देणार, की ही खोटी तारीख माझ्या हातची. पेन्शनला धक्का लागला तर लागू दे, गावातले सगळे एक जूनवाले माझ्या नावानं बोटं मोडू देत. साहेब रजिस्टर मागवेल, ते तू घेऊन यायचं, टाचणवहीसकट. आणि तो पानं उलटेल तेव्हा रुकैयाच्या कितीतरी आधी जैतूनचं पान लागेल. तिथेही एक जूनच आहे. तेरा वर्षांची होती ती, आणि निकाह तेव्हाच्या कायद्यात बसावा म्हणून मी तिला चौदाची केली. शाईची दौत तू पुढे सरकवली होतीस. तुला दोष देत नाही, अक्षर माझं आहे. पंधरावं सरलं नाही तोच बाळंतपणात गेली. सुइणीनं हात टेकले, तालुक्याचा डॉक्टर पुरुष म्हणून घरच्यांनी नेलं नाही. घरचे म्हणजे कोण? मीच. साहेबानं त्या पानावर बोट ठेवून विचारलं, तर तू मला वाचवायला तोंड उघडू नकोस. मीच सांगणार. रुकैया शेजारी उभी असेल. तिनं सरावाच्या मुलाखतीत दिलेलं उत्तर म्हणजे मलाच घातलेला प्रश्न होता, आणि तिच्या कॉलेजचं दार उघडण्याआधी मला त्याचं उत्तर तिच्यापुढे द्यायचं आहे. तेव्हा ब्लेड टाकून दे, दिलावर, रजिस्टरवरची धूळ झटक आणि बंदरावर ये.

चाल न बिघडवता वाट पाहा.

तुझाच,
इलियास मास्तर