सोड म्हणेपर्यंत

१ जुलै
नवी जागा, नवी खोली, नवी रोजनिशी. सर्जरी शिकायची ही माझी पाचवी तात्पुरती नेमणूक. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं एका बॅगेत. खिडकी हॉस्पिटलच्या धुलाईघरावर उघडते, वाफेचा वास येतो, पण पलंग कुरकुरत नाही. मोठ्या सरांनी स्वतः चहा पाजला. काम जुनंच: सर कापणार आणि मी जखमेची कड पोलादी आकडीने ओढून धरणार. नियम एकच, सर ‘सोड’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. हात चांगला दिसला तर याच वर्षी कायम करू म्हणाले. मग ही आणि छोटी इथे राहायला येतील. छोटीने फोनवर विचारलं, बाबा सगळीकडे पाहुणेच का असतात. हसलो, पण लागलं.

९ जुलै
आजचं ऑपरेशन संपता संपेना. शेवटी टाके दुसऱ्यावर सोपवून सर चहाला निघाले, ‘सोड’ म्हणायचं विसरून. मी आकडी धरून उभाच. सिस्टरने त्यांना दारातून परत बोलावलं. नंतर हात धुताना तिने सांगितलं, माझ्या आधीचा असाच उभा राहिला होता, अंगात ताप असताना. त्या दिवशी सरांना कुणी परत बोलावलं नाही. तो टेबलापाशीच कोसळला आणि गेला. मुठीतली आकडी बोटं मोडून काढावी लागली. तात्पुरता होता, त्यामुळे शोकसभासुद्धा झाली नाही. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण आमच्याच खात्यात जन्मली असावी. जेवण गेलं नाही.

२२ जुलै
घामाने माझी पकड सुटली. आकडी मात्र जागची हलली नाही. हिरव्या कापडाखाली माझ्या बोटांना लागून आणखी बोटं होती, गार. सर म्हणाले, आता कुठे तुझा हात बसला. मी मान डोलावली. खरं सांगून वेड्यात कोण निघेल?

४ ऑगस्ट
सरांनी चाकू माझ्या हाती दिला आणि बघत उभे राहिले. आकडी नवख्या नर्सकडे होती, पण धरत होता तोच. काम देखणं झालं. टाक्यांच्या वेळी नर्सने हात काढून घेतला, तरी आकडी निघेना. सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटली, आज सर्जन तुम्ही आहात, एकदा ‘सोड’ म्हणा, सुटू दे बिचाऱ्याला. मला कळत होतं. पण तो सुटला की उरणार माझा घामट हात, आणि निवड अजून व्हायची आहे. मी शब्द गिळला आणि आकडी हिसकून काढली. कापडाखाली काहीतरी कटकन मोडलं.

११ ऑगस्ट
कायम झालो. हिला कळवलं, ती आनंदाने रडली. मला आनंद होत नाही. आकडी हिसकली त्या दिवसापासून माझ्या उजव्या मनगटावर गार पकड आहे. मूठ मिटली की लवकर उघडत नाही — डाव्या हाताने लिहितोय. खोलीत एकटा असताना ‘सोड’ म्हणून पाहिलं. पकड आणखी आवळली. जिथे म्हणायचं तिथे म्हटलं नाही —

१८ ऑगस्ट
दोघी आल्या. छोटीने धावत येऊन माझा उजवा हात धरला —

मूठ मिटली. उघडत नाही. ही ओढतेय. छोटी रडून थकली. तिची बोटं निळी —

सरांना फोन केला. म्हणाले, तू आता कायम आहेस, ‘सोड’ हा शब्द तुझा तूच —

सोड. सोड. सोड —

माझी हत्यारं टेबलावर आहेत. मनगटातून माझा हा उजवा हात उतरवता येतो, मला येतो. नोकरी जाईल. जाऊ दे. हिला नंतर कळावं म्हणून एवढं लिहिलं. आता डाव्या हातातलं पेन ठेवायचं, चाकू उचलायचा. ठेवतो —

पेन सुटत ना