लोम्बेचं कार्ड

किटवे, मंगळवार

प्रिय कासोंडे,

सोमवारच्या कोर्टाच्या तारखेसाठी तू रविवारीच कसामाहून बस धरणार, असं तुझ्या पत्रात वाचलं. म्हणून हे घाईने लिहितोय.

खाणीवर तुम्ही विधवांनी केलेल्या दाव्यात आमची कामगार संघटना कुठेच नव्हती. तरी खाणीच्या वकिलाने न्यायालयाचा हुकूम आणला, की आमच्या दवाखान्यातली छातीच्या तपासणीची सगळी कार्डं, अठ्ठावीस वर्षांची, एकवीस दिवसांत नकला काढून हजर करा. दवाखान्याचे कागद सांभाळणारा म्हणून मी उभा राहून विचारलं, "बाईसाहेब, खर्च कोणाचा?" वकील हसून म्हणाला, "कागद तुमचे, खर्चही तुमचाच." न्यायाधीशबाईंनी त्याला गप्प केलं, अर्धा खर्च खाणीवर टाकला. पण तो मिळणार कागद दिल्यावर, पावत्या तपासून. तोवर काय करायचं? रोग्यांना न्डोलाच्या मोठ्या इस्पितळात नेणारी आमची गाडी विकली. परवा म्हातारा चिबेसा दारात उभा राहून विचारत होता, "गाडी कधी सुटणार रे?"

ते पैसे नकलांतच गेले, माणसं लावण्यापुरतं काही उरलं नाही. मग कार्डं काढायला मीच बसलो. बहुतेक नावं ओळखीची, निम्मी मातीत गेलेली. सोळाव्या दिवशी तुझ्या लोम्बेचं कार्ड हाताला लागलं.

डॉक्टरांनी लिहिलंय: फुफ्फुसात दगडाची धूळ, यापुढे खाणीत उतरू नये. तारीख तो जाण्याच्या चार वर्षं आधीची. खाली 'रोग्याला कळवले' आणि माझी सही. कासोंडे, मी त्याला कळवलंच नव्हतं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती, आणि आजारी माणसाला खाण रिकाम्या हाताने घरी पाठवायची. तुझ्या पदरात तीन लेकरं. म्हटलं, दोन वर्षं काय, निघून जातील. तो रोज "काय मेव्हणे!" म्हणत माझ्यासमोरून खाली उतरायचा.

हजारो कार्डांतलं एक कमी असतं, तर कोणाला पत्ता लागला नसता. पण 'काहीही लपवलेलं नाही' या शपथेखाली सही माझीच हवी होती. दुसऱ्यांदा खोटी सही करवली नाही. कार्ड दिलं. सोमवारी तो वकील ते तुझ्यापुढे धरील आणि म्हणेल, बाई, तुमच्या नवऱ्याला खाणीने नाही, तुमच्या भावाने मारलं. तुम्हा सगळ्या जणींचा दावाही कदाचित त्या कार्डानेच बुडेल. हे त्याच्या तोंडून तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र. बसस्टँडवर मी येऊ की नको, तेवढं कळव.

तू म्हणशील तर अजूनही तुझाच दादा,
न्कोले