डाख न लागलेला कोपरा

अण्णा, झिगझॅग सोडून तुम्ही डेल्टा का घेतलात, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता ओरडायला येणार नाही, म्हणून लिहिते. अक्षराला नावं ठेवू नका. तिसरीत शाळा तुम्ही सोडवलीत, मी नव्हती सोडली.

हेब्बाळच्या वाटेवरची ती ट्रान्सफॉर्मर बांधायची पत्र्याची शेड. अजून मैसूर राज्यच होतं तेव्हा. तुम्ही वाइंडिंगचे मेस्त्री आणि मी पंधरा वर्षांची, कॉइलींना सुती पट्टी गुंडाळणारी. बोटं बारीक म्हणून तुम्हीच नेलीत. विजेच्या स्टेशनसाठी अर्थिंग ट्रान्सफॉर्मर करायचा होता, तेव्हा तो कशाला लागतो हे तुम्ही स्वयंपाकघरात दाखवलंत. लाटणं, रवी आणि फुंकणी ओळीने उभी केलीत आणि आई भाकऱ्या टाकायची थांबून कपाळाला हात लावून बसली. तुम्ही म्हणालात, तारा तीनच येतात. एखादी तुटून चिखलात पडली तर विजेला परतायला वाट नाही, स्टेशनला पत्ता लागत नाही, तार जिवंतच पडून राहते. कोणी पाय दिला की संपलं. हे यंत्र ती वाट करून देतं, म्हणजे स्टेशनातला ब्रेकर लगेच पडतो आणि वीज तुटते. मग तुम्ही दोरा गुंडाळलात. झिगझॅग म्हणजे अर्धे वेढे आपल्या घरी, अर्धे शेजाऱ्याच्या घरी आणि तेही उलटे. तांबं कमी लागतं, पण सहा कॉइली एकाच तारेच्या, बारा टोकं सारखी, ओळखायची ती बांधलेल्या रंगीत दोऱ्यावरून. दुसरी तऱ्हा स्टार-डेल्टाची. स्टारची तार बारीक, डेल्टाची जाड. डेल्टा म्हणजे तीन कॉइलींनी हात धरून केलेलं रिंगण. एक हात सुटला तर रिंगण उरत नाही आणि रोजच्या दिवसाला ते कोणाला कळतही नाही. कळतं ते तार पडते त्या दिवशी.

साहेब आले तेव्हा मी पट्टी कापत होते. "मेस्त्री, झिगझॅगच ना? तुम्हीच म्हणत होता."

"डेल्टा करू, साहेब. सवयीचं काम चुकत नाही."

"तांबं जास्त जाईल."

"जाऊ दे, स्वल्प जाईल. काम पक्कं होईल."

साहेब "सरी", म्हणजे बरं, म्हणून गेले. मी तुमच्याकडे बघत राहिले. आदल्या आठवड्यात तुम्ही लाल दोरा मागितलात, मी चुकून निळा दिला आणि तुम्ही तो घेऊन बांधलात. जाड-बारीक बोटांना कळतं, रंग कळत नाही. मी काही बोलले नाही. त्याच्या आदल्याच दिवशी, "टोकं मोजू का?" विचारल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "तू पट्टी गुंडाळ, मेस्त्री मी आहे."

शनिवारी डेल्टाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर पट्टी गुंडाळताना हाताला तारेचा पीळ लागला. नुसता पीळ. डाख नव्हताच. दोन कोपऱ्यांवर शिसं गुळगुळीत बसलेलं, हा कोरडा. आणि मी, अण्णा, त्यावर पट्टी गुंडाळली. घट्ट, चांगली, दोन थर. मेस्त्री तुम्ही होता ना. एरवी मीटर लावून बघायची पद्धत, पण घाई होती. साहेब म्हणाले, सोमवारी थेट टाकीतल्या तेलात उतरवा.

रविवारी आईबरोबर तळ्यावर धुणं घेऊन गेले. बांधाच्या पलीकडे भाताची खाचरं, गुडघाभर पाण्यात बायका वाकलेल्या आणि त्यांच्या डोक्यावरून तीन तारा गेलेल्या. तारांवर एक खंड्या बसलेला. मी दगडावर उभी आहे, पाय पाण्यात घालवत नाही. घामाने पोलकं पाठीला चिकटलंय. आई म्हणते, "काय गं, भूत बघितलंस? का काम नको?" मी चादर आपटते आणि बायका मोजते. अकरा होत्या. पुन्हा मोजल्या, अकराच. सांगावं तर तुमची नोकरी जाणार, आंधळा मेस्त्री कोण ठेवतो? न सांगावं तर या अकरा. त्या दिवशी मी ताट तसंच सारलं. तुम्ही ओवा दिलात.

सोमवारी साखळी लावून कॉइली उचलल्या, टाकीचं झाकण बाजूला होतं. साहेबांसमोर मी म्हणाले, "अण्णा, तो कोपरा माझ्या हातून सुटला. पट्टी ओढताना." तुमची थप्पड कानावर बसली, अजून तो कान पावसाळ्यात दुखतो. तुम्ही पट्टी सोडवलीत, बोट लावलंत ते दुसऱ्याच कोपऱ्याला. मी तुमचं मनगट धरून हळूच सरकवलं. तुमचं बोट त्या पिळावर थांबलं. शिसं कधी लागलेलंच नाही, हे बोटाला कळत नाही असा मेस्त्री तुम्ही नव्हता. सगळी शेड बघत होती. तुम्ही म्हणालात, "कार्टीच्या हातात जोर फार." मग डाख दिलात, माझा हात शेजारी ठेवून, आणि स्वतःच म्हणालात, मीटर आणा. तीन टोकं एकत्र बांधून वीज सोडली, काटा ताडकन चढला, रिंगण जुळलं. मी खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून मला शेडमध्ये बंदी. पुढे तीन रंगांच्या दोऱ्यांची रिळं तेवढी चुलीजवळच्या कोनाड्यात आणून ठेवलीत, पुढचं वर्ष संपायच्या आत स्वतःही घरी बसलात. मला तो राग आहे. थपडेचा नाही. बोट थांबल्यावरही गप्प राहिलात, त्याचा.

आता ऐका, का लिहिते. परवा सून म्हणाली, "सासूबाई, यंदा चकल्या नाहीत?" मी म्हटलं, "शंकरपाळ्या करू, सवयीचं काम चुकत नाही." तोंडातून गेलं आणि तुमचे शब्द ओळखले. चकलीचा काटा दिसत नाही, अण्णा. शंकरपाळी बोटाला कळते. स्टोव्हची ज्योत निळी की पिवळी ते मी आवाजावरून ओळखते, आणि दुपारी चार वर्षांची पणती माझ्यावर सोपवून सगळे कामाला जातात. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मी विषय बदलते. सुरीची भीती नाही. एकदा कळलं की पोर माझ्याजवळ ठेवणार नाहीत, त्याची आहे.

तुमच्या वेळी कोपरा मी उघडला. माझा उघडायला इथे कोणी पट्टी गुंडाळणारी नाही, मलाच तोंड उघडायला हवं. हे पत्र सुनेच्या हाती लागू नये म्हणून रिळांच्या डब्यात ठेवते. लिहिलंय खरं, पण काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.