अंगठ्याखालचा अभिप्राय

सोमवार, ३
आले एकदाची लेकीच्या घरी, कायमची. मला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. मध्येच खुदकन हसते. म्हटलं, तेही लिही. खोली झकास. खिडकीखाली शिवणयंत्र, माझा पलंग नातीच्या पलंगाला लागून. जावईबापूंनी उशाशी दिवा लावून दिला, जणू मी ग्रंथच वाचणार आहे! रोजच्या लिखाणाखाली सही म्हणून शेवटच्या अक्षराला अगदी चिकटून अंगठा उठवते. आमच्या ह्यांची शिकवण: जागा सोडली की कुणीतरी काहीतरी घुसडतं, आणि एकदा अंगठा दिला की शब्द फिरत नाही.

मंगळवार, ४
नातीला कॉलेजात कादंबरी नेमली आहे. चार प्रकरणं. दर प्रकरणात एक मुलगी घरातल्या एकेकाला विसरत जाते. पहिल्यात मांजर. वाचून मनाला काय वाटलं, तो अभिप्राय लिहायचा. नातीच्या मनाला जांभई वाटली. मग मीच सांगितलं: लिही, मी इतकी रमले की घरच्यांनाही विसरले. दोघी पोट धरधरून हसलो. गंमत म्हणून त्याखालीही अंगठा ठोकला.

गुरुवार, ६
बाई खूश! वर्गात वाचून दाखवलं, म्हणे असंच मनापासून लिहीत जा. संध्याकाळी घरचं मांजर मांडीवर येऊन बसलं, तर नात विचारते, हे कुणाचं गं? म्हटलं, बये, विसरणं हा माझ्या वयाचा धंदा, तू कशाला त्यात पडतेस?

शनिवार, ८
दुसरं प्रकरण झालं. त्यात बाप. जावईबापू कामावरून आले. नातीनं दार उघडलं आणि विचारलं, कोण हवंय? त्यांना थट्टा वाटली. मी नाही हसले.

रविवार, ९
म्हटलं, खोड तो अभिप्राय. तिनं रेघ मारली. रेघ सुकता सुकता नाहीशी झाली. पाच दिवसांचा माझा अंगठा मात्र— ओला.

सोमवार, १०
पुस्तक शिवणयंत्राच्या खणात कोंडलं, किल्ली माझ्या कमरेला. नात रिकाम्या हातांनी बसली, ओठ हलवत, पानं उलटल्यासारखी बोटं हलवत. तिसरं प्रकरण— आई. लेक हाका मारून मारून दमली. नात मला विचारते, आजी, त्या बाई का रडतात? हे सगळं तीच लिहिते आहे. वाचून दाखव म्हटलं, तर दाखवलं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

मंगळवार, ११
एकच प्रकरण उरलं. त्यात कोण, विचारलं नाही. पोरी, भराभर लिही. तापानं फणफणली होतीस, तीन दिवस मांडीवरून उतरली नाहीस— ती मांडी माझी. मला बिनदातांची वाघीण म्हणतेस— ती मी. तो अभिप्राय माझा होता, तुझा नव्हे. विसरायचंच असेल तर मी विसरेन, तू नको. लिहिलंस? हा घे, याखाली माझा अंग—

बुधवार, १२
समोर एक म्हातारी बसली आहे. लिही, लिही म्हणते. पेन हातात आहे म्हणून लिहिते. तिचा अंगठा निळा आहे. स्वतःला बिनदातांची वाघीण म्हणवते आणि माझ्याकडे बघत राहते. मी हसावं, असं तिला वाटतं बहुतेक. मी विचारलं, आजीबाई, तुम्हाला कोण हवंय? ती म्हणाली, तू.
मी म्हटलं, मी म्हणजे—